ऑल-इनसमोर कॅल्क्युलेटर ॲप : कुठे कामाचं, कुठे फसवं

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. पोकरमध्ये समोरच्याने सगळ्या चिप्स पुढे लोटल्यावर (म्हणजे ऑल-इन केल्यावर) कॉल करायचा, म्हणजे आपणही तेवढ्या घालायच्या, की पत्ते टाकायचे, म्हणजे डाव सोडायचा (फोल्ड), एवढ्या एकाच प्रश्नासाठी मोबाइलवरचं इक्विटी (जिंकायची टक्केवारी) कॅल्क्युलेटर घ्यायचा विचार असेल, तर फुकटातलं घ्या. मी पैसे भरून वापरलं आणि वर्गणी संपल्यावर पुन्हा भरली नाही. ॲप टाकाऊ आहे असं मुळीच नाही. पण त्यातलं जे खरोखर उपयोगी आहे ते फुकट आवृत्तीतही मिळतं. ज्याचे पैसे घेतात ते लाइव्ह टेबलावर (ऑनलाइन नव्हे, समोरासमोर) बसणाऱ्याला फारसं लागत नाही, काही ठिकाणी तर चक्क भलतीकडे नेतं.

ॲपचं नाव लिहीत नाही. या जातीची बहुतेक ॲप्स एकाच साच्यातून काढलेली आहेत, आणि पुढे ज्या खोडी सांगणार आहे त्यातल्या बऱ्याच मला एकाहून अधिक ठिकाणी दिसल्या. संगणकावर ज्यांनी पूर्वी पोकरस्टोव्ह किंवा इक्विलॅब वापरलंय त्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. आपले दोन पत्ते भरायचे, बोर्ड (मधोमध उघडलेले सामाईक पत्ते) भरायचा, समोरच्याकडे काय काय असू शकतं ते १६९ घरांच्या तक्त्यात रंगवायचं, की आपण किती टक्के वेळा जिंकू ते दिसतं. मी खेळतो तो नो-लिमिट होल्डम (प्रत्येकाचे दोन पत्ते, मधोमध सामाईक पाच: आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग चौथा टर्न, पाचवा रिव्हर), तेव्हा बाकी प्रकारांबद्दल बोलत नाही.

पेशाने मी लेखापरीक्षक. ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळला म्हणून तो खरा असतो असं नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी कळतं. व्हाउचरच खोटं असेल तर बेरीज कितीही अचूक येवो, तिचा उपयोग शून्य. या ॲपबद्दल माझं जे काही म्हणणं आहे ते सगळं इथून निघतं. त्याची बेरीज कधीच चुकत नाही. व्हाउचर मात्र आपण भरतो, नाहीतर ते आपल्यासाठी परस्पर भरून टाकतं.

बेरजेचं श्रेय पूर्ण द्यायला हवं. दोघांचे पत्ते उघड असतील आणि फ्लॉप पडलेला असेल, तर उरलेल्या ४५ पत्त्यांतून टर्न आणि रिव्हर मिळून ९९० शक्यता होतात. ॲप त्या सगळ्या मोजतं. फ्लॉपआधीच ऑल-इन झालं तर १७,१२,३०४ बोर्ड होतात, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. फ्लश ड्रॉचे (एकाच रंगाचे पाच व्हायला एक पत्ता कमी) नऊ आउट्स, म्हणजे हात पूर्ण करणारे पत्ते, फ्लॉपवर ३५ टक्के आणि टर्ननंतर जेमतेम २० टक्के असतात. अनेकजण फ्लॉपवरचा ३५ टर्नला ऑल-इन आल्यावरही मनात धरून बसतात. दोन पत्ते बाकी असताना आउट्सना चाराने गुणा, एक बाकी असताना दोनाने, हा ठोकताळा बहुतेकांना माहीत असतो. ॲपमधला सराव-खेळ हे आकडे तोंडपाठ करून घेतो, आणि माझ्या मते संपूर्ण ॲपमध्ये सगळ्यांत चांगली बनवलेली चीज हीच आहे. गाडीत मागे बसून वीसेक प्रश्न सोडवावेत असा हा भाग आहे, आणि तो फुकट आहे.

कॉलची किंमत काढणंही सोपं करून ठेवलंय. पॉटएवढीच (पॉट म्हणजे मधोमध जमलेल्या चिप्स) रक्कम समोरून आली तर कॉल परवडायला ३३ टक्के जिंकायला हवं, अर्ध्या पॉटला २५, दुप्पट पॉटला ४०. सूत्र एकच: मला घालायची रक्कम, भागिले कॉलनंतरचा एकूण पॉट. पण इथेच एक खोडी आहे. आकडे भरायच्या पानावर ‘या डावात तुम्ही आत्तापर्यंत घातलेले’ असा एक रकाना आहे, तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कशाला? एकदा पॉटमध्ये गेलेल्या चिप्स माझ्या नाहीत, त्या पॉटच्या. निर्णयाशी त्यांचा संबंध नाही. आधीच ‘इतके घातलेत, आता काय सोडायचं’ म्हणत कॉल करणारे लोक टेबलावर भरपूर असतात. त्यांच्या डोक्यातला गोंधळ ॲपने रकाना करून छापायची गरज नव्हती.

दुसरी खोडी जास्त महाग पडणारी आहे, आणि ती दाखवायला एक डाव सविस्तर घ्यावा लागेल.

पॉटमध्ये ६०० चिप्स. बोर्डवर इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट चव्वी, टर्नला बदाम सत्ती, रिव्हरला किलवर दुर्री. माझ्याकडे चौकटचे राजा-राणी, म्हणजे टॉप पेअर (बोर्डवरच्या सगळ्यांत मोठ्या पत्त्याशी जोडी), किकर (जोडीबाहेरचा पत्ता) बरा. फ्लॉप आणि टर्नला बेट करत आलेला गृहस्थ रिव्हरला ९०० चिप्सचा ढीग पुढे सरकवतो आणि ‘ऑल-इन’ म्हणतो. माझ्यापुढे उरलेत ४००.

ॲपमध्ये पॉट ६००, बेट ९०० असं भरलं की ते सांगतं, ३७.५ टक्के हवेत. हिशेब बरोबर: ९०० भागिले २४००. पण माझ्याकडे ९०० आहेतच कुठे? माझ्या ४०० च्या वरच्या त्याच्या चिप्स त्याला परत जाणार. खरा भाव ४०० भागिले १४००, म्हणजे २८.६ टक्के. आपला स्टॅक (पुढ्यातल्या एकूण चिप्स) भरायचा रकाना ‘प्रगत’ नावाच्या दुसऱ्या पानावर लपवून ठेवलाय, आणि तो रिकामा ठेवला तर ॲप काही कुरकुरत नाही. शांतपणे ३७.५ दाखवतं. ऑल-इनसाठीच म्हणून विकलेल्या ॲपमध्ये, जिथे दोघांचे स्टॅक सारखे असणं हाच अपवाद, तिथे हा रकाना पहिल्या पानावर सगळ्यांत वर हवा होता.

या नऊ टक्क्यांच्या फरकाने काय होतं ते बघा. मला हरवणारे हात मोजू. नव्व्यांचा सेट (हातात जोडी, बोर्डवर तिसरा) तीन प्रकारे, सत्त्यांचा तीन, चव्व्यांचा तीन. एका रंगाचे राजा-नव्वी दोन प्रकारे, कारण इस्पिकचा राजा बोर्डवर आणि चौकटचा माझ्याकडे. एक्का-राजा आठ प्रकारे. एकूण १९. (दुर्र्यांची जोडी घेऊन तिन्ही वेळा बेट करत येईल असा हा माणूस नव्हता, म्हणून ती सोडली; एक्क्यांची आणि राजांची जोडीही धरलेली नाही.) आता ब्लफ: फसलेले इस्पिकचे ड्रॉ. एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, एक्का-पंजी, राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, छक्की-पंजी. नऊ. म्हणजे २८ पैकी ९ वेळा मी जिंकतो, ३२ टक्के. भाव २८.६ असेल तर कॉल, ३७.५ असेल तर फोल्ड. स्टॅकचा एक रकाना रिकामा राहिला म्हणून निकाल उलटला. बरोबर भावाने हा कॉल सरासरी ५० चिप्स मिळवून देतो.

आता माझ्या हातातली राणी चौकटऐवजी इस्पिकची करा. टॉप पेअर तीच, किकर तोच, हरवणारे हातही तेच १९. पण इस्पिकची राणी माझ्याकडे असल्यामुळे समोरच्याकडे एक्का-राणी, राणी-गुलाम, राणी-दश्शी हे फसलेले ड्रॉ असूच शकत नाहीत. ब्लफ उरले सहा. २५ पैकी ६, म्हणजे २४ टक्के. कॉल आता सरासरी ६४ चिप्स घालवतो. फसलेल्या फ्लशचा एक पत्ता आपल्या हातात असला की बऱ्याचजणांना उलट हुरूप येतो. ॲपमध्ये फक्त राणीचा रंग बदलून दोन्ही आकडे शेजारीशेजारी पाहिले की ही गोष्ट डोक्यात पक्की बसते, आणि पुस्तकं वाचून ती तितकी बसत नाही हेही खरं. कॉम्बो (एखादा हात किती प्रकारे बनतो ते) मोजायची ही सोय फुकट आवृत्तीत आहे. ती नसती तर हे परीक्षण दोन ओळींत संपलं असतं.

इथपर्यंत सगळं ठीक. अडचण पुढे सुरू होते, कारण ते नऊ ब्लफ मी कागदावर लिहिले. त्या माणसाने ते खरंच केले असते का, हे ॲपला कसं कळणार?

माझा अनुभव सांगतो, आणि लाइव्ह खेळणाऱ्या बहुतेकांचा तो असावा. छोट्या-मध्यम टेबलावर पत्ते मुकाट कॉल करत बसणारा माणूस रिव्हरला सगळ्या चिप्स लोटतो तेव्हा त्याच्याकडे बहुधा असतं. छक्की-पंजी घेऊन तीन वेळा गोळी झाडायला जे धाडस लागतं ते त्याच्यापाशी नसतं, आणि ते नसणं हाच त्याचा स्वभाव असतो. वरच्या डावातला गृहस्थ असाच होता. चिप्सच्या सरळ उभ्या चळती, रंग वेगवेगळे लावलेले, संध्याकाळभर एकदाही उगाच रेझ (बेट वाढवणं) नाही. त्याच्या नऊ ब्लफांतून दश्शी-अठ्ठी, छक्की-पंजी आणि एक्का-पंजी मी खोडले. सहा उरले. कॉलला आठ लागत होते. पत्ते टाकले, त्यानेही आपले उलटेच सरकवले, आणि पुढचा डाव सुरू झाला.

‘आठ लागत होते’ हा आकडा महत्त्वाचा आहे, आणि तो ॲप उलट्या बाजूने वापरल्यावर मिळतो. माझी टक्केवारी किती, असं विचारू नका. मला हरवणारे १९ हात आहेत, भाव ४०० ला १००० आहे, तर कॉल परवडायला त्याच्याकडे किती ब्लफ असायला हवेत, असं विचारा. १९ भागिले अडीच, म्हणजे साडेसात-आठ. तो एक्का-राजाने असं ऑल-इन करणारच नाही, नुसता चेक करेल, असं वाटत असेल तर हरवणारे हात ११ वर येतात आणि पाच ब्लफ पुरतात. मग टेबलावर विचार करायला एकच गोष्ट उरते: या माणसाकडे पाच ब्लफ आहेत का, आठ आहेत का? टक्के काढत बसण्यापेक्षा हा प्रश्न माणसाच्या डोक्याला पेलतो. ॲपमध्ये यासाठी वेगळं बटण नाही. ब्लफ एकेक करून रंगवत जायचे आणि आकडा कुठे भावाच्या वर जातो ते बघायचं. कटकटीचं आहे, पण घरी बसून एवढी कटकट करायला हरकत नाही.

आता ज्याचे पैसे घेतात त्या भागाकडे. वर्गणी भरली की तीन गोष्टी उघडतात: तयार प्रतिस्पर्धी, हिरवा-तांबडा निकाल आणि नोंदवही.

तयार प्रतिस्पर्ध्यांत एक ‘संतुलित’ नावाचा आहे आणि बाकीचे त्यावर वरवरची रंगरंगोटी केलेले. संतुलित खेळाडूची व्याख्याच अशी असते की रिव्हरला तो आपल्या बेटच्या भावाएवढेच ब्लफ ठेवतो. आमच्या डावात त्याचे ब्लफ २८.६ टक्के असणार, भावही २८.६ टक्के. म्हणजे फक्त ब्लफ पकडणाऱ्या मधल्या हाताने कॉल केला काय आणि पत्ते टाकले काय, सरासरी तेच. ॲप यावर मोठ्या आत्मविश्वासाने ‘कॉल, ०.०’ असं हिरवं दाखवतं. मी पैसे भरून विचारलं काय करू, आणि उत्तर आलं काहीही कर. हे गणित चुकीचं नाही, त्यामागचा विचार सुंदरच आहे. पण समोर बसलेला माणूस संतुलित नसतो. एकतर तो फार कमी ब्लफ करतो, नाहीतर फार जास्त, आणि आपली सगळी कमाई त्या झुकावातून येते. झुकाव पुसून टाकणारं यंत्र मला कशाला हवंय?

‘लाइव्ह, घट्ट’ (मोजकेच हात खेळणारा) नावाचा एक प्रतिस्पर्धीही आहे. तो म्हणजे हातांच्या टक्क्यांची एक पट्टी: सरकवली की वरचे १५ टक्के, २० टक्के हात रंगतात. माणसं अशी पट्टीने खेळत नाहीत. कोणी जोड्यांवर जीव टाकतो आणि एक्का-दश्शी बिनदिक्कत फेकतो, तर कोणी एक्का दिसला की सुटत नाही. वरच्या १५ टक्क्यांत दोघेही बसतात, आणि त्यांच्या ऑल-इनला उत्तर मात्र वेगळं द्यावं लागतं. पट्टीला हात लावू नका. तक्ता स्वतः रंगवा, वेळ लागला तरी चालेल.

रंगवताना कधीकधी गंमत दिसते. फ्लॉपआधी कोणी ऑल-इन केलं, आणि तो फक्त राण्यांपासून वरच्या जोड्या आणि एक्का-राजा यांवरच असं करतो याची तुम्हाला खात्री आहे. तुमच्याकडे गुलामांची जोडी असेल तर सुमारे ३६ टक्के. वेगळ्या रंगांचे एक्का-राजा असतील तर सुमारे ३९. हातात तयार जोडी असूनही ती मागे पडते, कारण एक्का आणि राजा तुमच्याकडे असले की एक्क्यांची जोडी सहाऐवजी तीनच प्रकारे बनते, राजांचीही तीनच. कॉलचा भाव ३८ टक्के असेल तर गुलाम टाकायचे आणि एक्का-राजा घ्यायचा. असल्या गोष्टींसाठी हे ॲप रिकामटेकड्या दुपारी उघडावं.

नोंदवहीबद्दल मात्र लेखापरीक्षक म्हणून माझा आक्षेप नोंदवतो. ती ‘तुमच्या कॉलची अचूकता’ म्हणून एक टक्केवारी दाखवते. त्यासाठी प्रत्येक डावात समोरच्याचे पत्ते काय निघाले ते भरावं लागतं. लाइव्हमध्ये आपण पत्ते टाकले की समोरचा आपले उघडतो थोडाच! तिथे ‘माहीत नाही’ भरलं की तो डाव हिशेबातून गळतो. म्हणजे ही अचूकता फक्त केलेल्या कॉलची. टाकलेले हात, ज्यांत खरी कमाई किंवा खरं नुकसान दडलेलं असतं, ते बेरजेत नाहीतच. नमुना असा निवडून घेतला तर कोणताही आकडा काढता येतो. शिवाय डाव जिंकला तर कॉल ‘बरोबर’ आणि हरला तर ‘चूक’, हा निकष तर पोरकट आहे. ३२ टक्क्यांचा बरोबर कॉल तीनांतून दोन वेळा हरणारच.

टेबलावर हे ॲप उघडायचा प्रश्नच येत नाही, हेही सांगून टाकतो, कारण जाहिरातीत टेबलाशेजारी फोन धरलेला हात दाखवलाय. डावात पत्ते हातात असताना फोन चालवणं बहुतेक ठिकाणी मना आहे, सल्ला देणारं ॲप तर त्याहून. २०२४ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये फायनल टेबलाच्या कठड्यापलीकडे उघडलेल्या लॅपटॉपवरून केवढा गदारोळ झाला होता. तेव्हा जे काय शिकायचं ते आधी. टेबलावर आपण, चिप्स आणि समोरचा चेहरा.

आणि घड्याळ. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांनुसार कोणी वेळ लावायची मागणी केली की २५ सेकंद आणि वर पाचची उलटी मोजणी, एवढंच मिळतं. त्यात कॉम्बो मोजायचे तर आधी मोजलेले असावे लागतात. वेळ लावण्याआधीच एक काम उरकून घ्या: डीलरला चिप्स मोजायला सांगा. ज्याच्यापुढे बेट आलीय त्याला ती मोजून मागायचा हक्क आहे. नुसतं नजरेने ‘चारशे असतील’ म्हणून कॉल म्हणालात आणि मागच्या चळतीत मोठ्या किमतीची एक चिप निघाली, तर तीही तुमच्या माथी. त्या नियमांत कॉल करणाऱ्याने खरी रक्कम स्वीकारली असंच धरतात, अगदी डीलरने आकडा चुकीचा सांगितला असला तरी. मोजणी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि ‘कॉल’ हा शब्द विचार करता करता तोंडातून निसटू देऊ नका. पाळी आपली असताना बोललेलं बंधनकारक असतं. मोजणी चालू असताना समोरच्याकडे बघायला फुकटची अर्धी-एक मिनिटं मिळतात, तो फायदा वेगळाच. नवख्याचे हात थरथरायला लागले तर मी तरी ब्लफ समजत नाही. माझ्या अनुभवात ती थरथर मोठा हात लागल्याची असते.

ॲपची खरी मर्यादा बघायची म्हणून मी त्यात एक प्रसिद्ध डाव घालून पाहिला. २००३ चा मेन इव्हेंट, ८३९ खेळाडूंतून उरलेले शेवटचे दोघे: ख्रिस मनीमेकर आणि सॅमी फरहा. (मनीमेकर तेव्हा पेशाने अकाउंटंट, त्यामुळे माझं माप थोडं त्याच्याकडे झुकतं.) बोर्ड इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी, बदाम तिर्री. फरहाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी, म्हणजे टॉप पेअर. मनीमेकर रिव्हरला ऑल-इन गेला. हातात इस्पिक राजा आणि बदाम सत्ती: फ्लश फसलेला, स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) फसलेला, नुसता राजा. फरहाने बराच विचार केला, फ्लश फसला असेल अशी शंका बोलूनही दाखवली, आणि पत्ते टाकले.

ॲपमध्ये मनीमेकरला फक्त फ्लश, स्ट्रेट, सेट आणि दोन जोड्या दिल्या तर फरहाचा फोल्ड बिनचूक. एकट्या मोठ्या इस्पिकचे आणि सत्तीचे फसलेले हात रंगवत गेलं की हळूहळू कॉल होतो. फरहाच्या हातातल्या इस्पिक राणीमुळे समोरचे राणीवाले फ्लश बाद होतात, म्हणजे पत्ता कॉलच्या बाजूचाच. पण किती हात रंगवायचे? ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेचं तिकीट जिंकून देणारी छोटी स्पर्धा) आलेला, मोठ्या लाइव्ह स्पर्धेत पहिल्यांदाच उतरलेला माणूस या क्षणी असं करेल का, हा प्रश्न होता, आणि त्याच्यासाठी १६९ घरांत घर नाही. फरहाला पत्त्यांचा अंदाज आला होता. माणसाचा धरवला नाही.

स्पर्धांबद्दल थोडक्यात, कारण इथे मात्र ॲपने मला चकित केलं. चिप्सचं बक्षिसांत रूपांतर करणारं आयसीएमचं पान फुकट आवृत्तीत आहे आणि नीट बनवलंय. सॅटेलाइटमध्ये चार जण उरलेत, स्टॅक सारखे, तिकिटं तीन. पत्ते टाकले तर प्रत्येकाच्या वाट्याला तिकिटाचा पाऊण हिस्सा आहेच. कॉल करून जिंकलात तर एक तिकीट, हरलात तर काही नाही. म्हणजे ब्लाइंड्स (सुरुवातीला सक्तीने घालायच्या चिप्स) बाजूला ठेवले तर कॉलला ७५ टक्के लागतात. समोरचा डोळे मिटून कोणत्याही दोन पत्त्यांवर ऑल-इन करत असला, तरी एक्का-राजा त्याच्याविरुद्ध ६५-६७ टक्केच आहे. टाकायचा. गुलामांची जोडी घ्यायची. कॅश गेममधून (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे) आलेल्या माणसाच्या हे पचनी पडत नाही. त्याला हे पान दाखवा.

तर घ्यायचं कोणी? नवीन खेळाडूने फुकट आवृत्ती जरूर घ्यावी, सराव-खेळ आणि कॉम्बो मोजणीसाठी. स्टॅकचा रकाना ‘प्रगत’ पानावर जाऊन पहिल्यांदा भरायचा, पट्टी आणि हिरवा-तांबडा निकाल यांच्या मोहाने वर्गणी भरायची नाही. वर्गणी ऑनलाइन भरपूर खेळणाऱ्याला कदाचित परवडेल, कारण तिथे समोरचे लोक संतुलिताच्या थोडे तरी जवळ असतात. लाइव्हवाल्याने ते पैसे चिप्समध्ये घालावेत.

बनवणाऱ्यांना दोन मागण्या कळवल्यात: कॉल परवडायला किती ब्लफ लागतील याचं एक बटण पहिल्या पानावर द्या, आणि नोंदवहीत टाकलेले हात मोजा. पहिली दिली तर मी वर्गणी पुन्हा भरेन. तूर्तास फुकट आवृत्तीला पाचांतून चार, पैसेवालीला दोन.